बिनमुंडक्याचा पाद्री

आमच्याकडे नाताळ सप्टेंबरातच लागतो.
ज्या महिन्याच्या शेपटाला 'बर' आलं
तो आम्हाला बराच.
बाबा माळ्यावरून कागदी चांदणी काढतात,
तिचं एक टोक उंदरानं खाल्लेलं,
आणि बांबूचा बाक टीव्हीसमोर ओढला जातो.

इलोइलोतल्या आमच्या घरात सिनेमे दोनच जातींचे:
एक, ज्यांत भुतं घसरतात, आपटतात, मार खातात;
दुसरे, ज्यांत शेवटी कुणीतरी घरी येतं.

पहिल्यांचे बाबा राजे.
भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात.
आमच्या भित्यापाठी कित्येक वर्षं
बिनमुंडक्याचा एक पाद्री लागलाय.
चर्चच्या आवारात तो चष्मा शोधत फिरतो,
सापडतो एकदाचा, पण लावणार कुठे?
इथं बाबा मांडीवर थाप मारतात,
दर वेळी अर्धा मिनिट आधीच,
आणि मेल्चोर म्हणतो, "बाबा, अजून व्हायचंय ते."

दुसरे सिनेमे ते बघत नाहीत.
म्हणजे बसतात. पण विमानतळाचं काचेचं दार
सरकायला लागलं की त्यांना भात आठवतो.
"करपला वाटतं," म्हणून उठतात.
भात सकाळचा, थंड, झाकलेला.
आम्ही दोघं पडद्याकडेच बघतो.

आई तीन नाताळ एका जहाजाच्या लाँड्रीत होती.
दिवसाला चारशे टॉवेल,
त्यांतल्या काहींचे हंस, काहींचे हत्ती करून
परक्यांच्या बिछान्यांवर मांडायचे.
सोंड जमायला वेळ लागतो, ती फोनवर सांगायची.

यंदा ती तेवीसला येणार होती.
एकवीसला रात्री वीज गेली.
तिया प्युरिंगच्या जनरेटरवरून वायर ओढून
आम्ही नुसता टीव्ही चालू ठेवला;
पाद्री चष्म्याजवळ पोचत होता.

मागची कडी वाजली.
कुत्रा, जो पोस्टमनची पोटरी सोडत नाही,
गुपचूप बाकाखाली शिरला.
स्वयंपाकघरात पांढरं काहीतरी उभं,
डोक्याच्या जागी नुसता गोळा,
आणि ते फडताळ चाचपत पुटपुटत होतं:
"इथले चमचे कुठे गेले?"

मेल्चोरची बोबडी वळली.
मी एखादा संत आठवायला गेले,
तर आठवला तो हरवलेल्या वस्तूंचा.
बाबांनी डोळे मिटून चप्पल फेकली.
नेम आयुष्यात पहिल्यांदा लागला.

"तेओदुलो!" भूत कळवळलं,
"विमान आधीचं मिळालं, वाटेत भिजले,
डोकं तरी पुसू देशील की नाही?"

टीव्हीत पाद्र्याला चष्मा सापडला.
मांडीवर थाप पडली नाही.
एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी,
बाबा उभेच.
भाताचं नावसुद्धा काढलं नाही त्यांनी.

नाताळच्या रात्री दुसऱ्या जातीचा सिनेमा लावला.
आई टीकाकार निघाली:
सामानाची गाडी इतकी सरळ जात नाही,
एक चाक नेहमी रुसलेलं असतं;
आणि बारा तास उभं राहून आलेली बाई
अशी धावत नाही, आधी बाथरूम विचारते.
मग दार सरकायच्या आतच
तिचं तोंड उघडं पडलं, ती घोरायला लागली.
बाबांनी आवाज बंद केला
आणि दार पार भिंतीला टेकेपर्यंत पाहिलं.

फेब्रुवारीत ती गेली, पहाटे, आम्हाला न उठवता.
सकाळी बाबा चष्मा शोधत घरभर.
आधी आम्ही हसलो. मग शोधायला लागलो.

तो बाकावर होता.
पांढऱ्या टॉवेलचा घोळदार झगा,
रुंद खांदे, मान नाहीच,
आणि पुढे केलेल्या दोन हातांत
बाबांचा चष्मा.

बाबांनी तो हळूच काढून घेतला,
हातांची घडी न मोडता.

आता जून संपत आलाय.
मेल्चोर आणि मी
अंघोळीला एकच टॉवेल वापरतो.